तुमची प्रत्येक होडी: कधी घेतली, कशी होती, आता कुठे आहे?

सुकाणू
१९ जून, रात्री ९:५०

मासेमारीबंदी सुरू आहे. होडी वर ओढून तिच्यावर झापं घातलीत, झापांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुने टायर. ३१ जुलैपर्यंत जाळी दुरुस्त करण्याखेरीज काम नाही. काल जाळं शिवता शिवता मोजलं, तर आजोबांपासून घरात पाच होड्या झाल्या. पुतण्याला कौतुकाने सांगायला गेलो तर त्याने एकच विचारलं, "मग त्या आता कुठायत?" पाचातल्या दोघींचंच उत्तर देता आलं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हा धागा. गाव हर्णैजवळ, एवढं पुरे.

पहिली आजोबांची. शिडाची, अठरा हात. सागाच्या फळ्या, आतली वांकं बाभळीची. मी ती समुद्रात फार पाहिली नाही, पण दर वर्षी पावसाळ्यानंतर तिच्या फटी भरायचं काम चालायचं त्यात आम्हा पोरांना बसवायचे. कापसाची वात वळायची, मांडीवर, बोटभर जाड. ती फळ्यांच्या सांध्यात छिनीने ठोकत न्यायची आणि वरून तेलात उकळलेली चंद्रूसाची राळ. ठोकायचं काम आजोबा दुसऱ्याला देत नसत. कान लावून ठोकत. वात नीट बसली की हातोडीचा आवाज बद्द यायचा, पोकळ राहिली की टण्ण. मला अजून तो फरक कळतो, पण आता कुणाला लागत नाही. शेवटी चुना आणि मोरी माशाच्या लिव्हरचं तेल एकत्र करून बुडाला फासायचे. त्या आठवड्यात घरात पाहुणा टिकत नसे.

पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत. वारा पडला की वल्ही. या होडीचं उत्तर मला माहीत आहे: तिची एक फळी आमच्या पडवीतला बाक आहे. खिळ्यांची भोकं आहेत, तिथे मुंग्या असतात. आत्ता त्याच बाकावर बसून लिहितोय.

दुसरी वडिलांनी १९७४ ला सोसायटीच्या कर्जातून बांधली. दोन सिलिंडरचं इंजिन. तेव्हा मी अकरा वर्षांचा. इंजिन हँडल मारून चालू करायचं, आणि हँडल वेळेत सुटलं नाही तर मनगट जायचं. वडिलांचं डावं मनगट त्यामुळेच कायम थोडं वाकडं. आवाज असा, की होडी सुवर्णदुर्गाच्या आड असतानाच आई चुलीवर पाणी ठेवायची. तेव्हा बंदरात तशी सात-आठ इंजिनं होती, पण बायकांना प्रत्येकीचं वेगळं ओळखू यायचं. होडी बारा-तेरा वर्षांत पाण्याने खाल्ली, बुडात लाकडं पोखरणारा किडा लागला. सांगाडा जळाऊ लाकडाच्या भावाने गेला. इंजिन विकलं एवढं आठवतं. कुणाला, ते नाही.

तिसरी १९८८ ची, छत्तीस फुटी, तीन सिलिंडर. ही माझी लाडकी. चालायला हलकी, लाट आली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर घ्यायची, आपटायची नाही. हर्णैला बंदर म्हणतात पण वारं सुटलं की होड्या तिथे ठेवता येत नाहीत, आंजर्ल्याच्या खाडीत न्याव्या लागतात. आणि त्या खाडीच्या तोंडाशी वाळू. भरतीचा अंदाज अर्ध्या तासाने चुकला की बसलीच. १९९६ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आत शिरताना बसलो. पहिल्या आपटीला काही झालं नाही. दुसऱ्या लाटेने उचलून टाकली तेव्हा खालून जो आवाज आला तो मी पायांनी ऐकला. पठाण गेलं होतं. माणसं सगळी पोहत आली. होडी पुढच्या भरतीला ओढून काढली पण पठाण मोडलेली होडी म्हणजे कणा मोडलेला बैल. सुटे भाग काढून विकले.

चौथी मोठी. २००४, सहा सिलिंडर, बर्फाचा कप्पा, वायरलेस, आठ खलाशी. हिच्याबद्दल लिहायला मन होत नाही. कर्ज, डिझेल, बर्फ, खलाशांची आगाऊ उचल. हंगामाच्या आधी उचल घेऊन माणूस यायचा आणि कधी कधी यायचाही नाही. २००८ नंतर कागद वाढले, ओळखपत्रं, होडीचा रंग, नंबर. ते ठीक आहे, त्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. पण आम्ही जाळ्यापेक्षा फाइल जास्त ओढू लागलो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा हिच्यावर मी स्वतः होतो. आदल्या रात्री वारा फिरला. जाळं पाण्यात. ओढत बसलो असतो तर दीड तास गेला असता. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याने, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्याने कोयता मारला. तीन लाखांचं जाळं गेलं आणि आम्ही जयगडच्या खाडीत शिरलो. २०१६ ला विकली. घेणारा वेंगुर्ल्याकडचा होता.

पाचवी फायबरची, चोवीस फुटी, मागे लटकवायचं इंजिन. मी, पुतण्या आणि एक जण. रात्री जातो, सकाळी परत. ती अंगणात आहे.

आता तुमच्या सांगा. होडी, पडाव, मचवा, तराफा, शर्यतीची, हौशी, काहीही चालेल. फक्त शेवटी ती आता कुठे आहे ते लिहा.

वाचनमात्र
१९ जून, रात्री १०:३२

सुंदर. दहा वर्षांत पहिल्यांदा लॉगिन झालो. पण आम्हा घाटावरच्यांसाठी: पठाण म्हणजे काय? वांकं?

सुकाणू
१९ जून, रात्री १०:४०

पठाण म्हणजे होडीच्या तळातलं नाळेपासून मागपर्यंत जाणारं मुख्य लाकूड, ज्यावर सगळं उभं राहतं. वांकं म्हणजे त्याला लावलेल्या आडव्या बरगड्या. बाभूळ मुळातच वाकडी वाढते, म्हणून सुतार रानात जाऊन उभ्या झाडावरच वाक हेरून यायचा.

सातपाटीची_नात
२० जून, सकाळी ७:१५

माझ्या नावावर एकही होडी नाही, पण सगळ्यांचा हिशेब माझ्याकडे आहे, म्हणून लिहिते.

होडी बाबांच्या नावावर, वही आईच्या हातात. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच. आजी 'होरी' म्हणायची. मासळी किनाऱ्याला लागली की पुरुषांचं काम संपलं. टोपली, लिलाव, बाजार, उधारी, बर्फवाला, सगळं बायकांचं. त्यामुळे मला होड्या लांबीने आठवत नाहीत. पहिली होडी म्हणजे मोठ्या आत्याचं लग्न. दुसरी म्हणजे घरावरचा स्लॅब. तिसरी म्हणजे काकाच्या ऑपरेशनला मोडली ती. वहीत अजून आहे: "इंजिन विकून, दवाखाना."

चौथीला बाबांनी माझं नाव दिलं. मी पाचवीत होते. तोवर सगळ्यांना देवांची नावं असायची म्हणून मला फार अभिमान वाटला. तो आठवडाभर टिकला. नंतर शाळेत सुरू झालं: "आज तुझं इंजिन बंद पडलं", "तुला दोरीने ओढून आणली", "तुझ्या बुडाला भोक पडलंय". मास्तरसुद्धा हसायचे. मी घरी येऊन रडले, नाव बदला म्हटलं. बाबा म्हणाले, "आता रंग लागला ना, पुढल्या वर्षी बघू." पुढल्या वर्षी त्याच नावावर नवीन रंग.

त्या होडीने पापलेट चांगलं दिलं. दालदा जाळ्याला लागलेलं पापलेट सोडवताना खवला उडता कामा नये, नाहीतर भाव पडतो. रुपेरी पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा केलं तेव्हा आई म्हणाली, "आता नाव मोठं झालं आणि मासा बारका झाला." तिच्या वहीत १९९० च्या आसपासचे नग आणि वजनं आहेत, त्यामुळे तिला कुणी खोडू शकत नाही.

आता तुमचा प्रश्न. माझ्या नावाची होडी डहाणूकडे विकली. पाचेक वर्षांनी मी एका लग्नाला तिकडे गेले होते, जेटीवर फिरायला गेलो. एक होडी दिसली, नाव दुसरंच, निळ्यावर पांढरं. पण बाबांनी रंगाचे इतके थर दिले होते की खालची अक्षरं उचललेली राहिली होती. ऊन तिरकं होतं. नवीन नावाखाली माझं नाव बोटाने वाचता येत होतं. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला सासऱ्यांचा हात जड होता. नंतरचं माहीत नाही.

चिकट_बोंबील
२० जून, सकाळी ९:०२

@सातपाटीची_नात, तुमच्याकडे बोंबील वाळवायला बांबूंची असते ती वलांडीच ना? मग होडीची 'उलांडी' ती कोणती? मला वाटायचं एकच शब्द आहे आणि कुणीतरी चुकीचा लिहितो.

सातपाटीची_नात
२० जून, सकाळी ९:२०

वलांडीवर बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून टांगतात. उलांडी आमच्याकडे नाही, ती दक्षिणेची. मालवणवाले सांगतील.

मालवणी_खाजा
२० जून, दुपारी १:४५

सांगतंय मा. उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला दोन आडव्या काठ्यांवर बांधलेला लाकडाचा लांबडा ओंडका. होडी अरुंद असली तरी कलंडत नाही. पोरांनी तिच्यावर बसून फुकट फेरी मारायची असते, हा तिचा दुसरा उपयोग.

आमची पहिली होडी आमची नव्हतीच, रापणसंघाची होती. वीस-बावीस घरांचा वाटा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. त्याचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवायचं, होडी अर्धवर्तुळ घालत जाळं सोडत दुसरीकडे लागते, मग दोन्ही बाजूंनी अख्खा गाव ओढतो. ही होडी शिवलेली असायची. खरोखर शिवलेली. फळ्यांच्या कडेला भोकं, त्यांतून काथ्याची दोरी, आत सांध्यावर काथ्याची उशी. खिळा नाही. लोकांना वाटतं खिळे परवडत नव्हते. तसं नाही. रापणीची होडी दिवसातून कितीदा तरी फुटत्या लाटेतून वाळूवर आपटते. आजो म्हणायचो, "खिळे मारलेली व्हडी मोडता, शिवलेली वाकता." फक्त टाके उसवून परत शिवावे लागत, आणि ते शिवणारे हात संपले. शेवटची आमच्या मांगरात उलटी ठेवली होती, एका वर्षी वाळवीने खाल्ली. उत्तर: वाळवीच्या पोटात.

दुसरी माझी स्वतःची, पर्यटकांची. फायबर, छत, बारा लाइफ जॅकेटं, मेरीटाइम बोर्डाचं लायसन. डॉल्फिन दाखवतो. तिच्याबद्दल आजो जिवंत असतो तर काय म्हणालो असतो ते इथे लिहिण्यासारखा नाही. पण मुलीचं इंजिनीअरिंग तिच्यावर झालं आणि मासे पाहून लोक टाळ्या वाजवतात, जे आमच्या खानदानात आजवर कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

@सुकाणू, वेंगुर्ल्याला तुमची होडी शोधू काय? रंग, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुकाणू
२० जून, दुपारी २:१०

व्यनि केला. रंग तो नसणार, पण पिछाडीला डाव्या कोपऱ्यात स्टीलचं एक ठिगळ आहे.

कृष्णाकाठ
२० जून, रात्री ८:२६

आमच्याकडं समुद्र नाही, पूर आहे. तरी लिहितो.

माझी पहिली बोट म्हणजे गुऱ्हाळाची काहिल. हसू नका. उसाचा रस उकळायची लोखंडी, सात-आठ फूट व्यासाची. पुरात ती तरंगते आणि सांगली-कोल्हापूरकडं कित्येक पिढ्या माणसं त्यातूनच बाहेर पडली. अडचण एकच, गोल असते. वल्हं उजवीकडून मारलं की काहिल पुढं न जाता स्वतःभोवती फिरते. डावीकडून मारलं की उलटी फिरते. त्यामुळं दोघं समोरासमोर बसून एकदमच मारावं लागतं, आणि दोघांत भांडण असेल तर जागच्या जागी गरगर. २००५ ला मी आणि चुलत भाऊ आजीला काढायला गेलो. आमचं बांधावरनं वाकडं होतं, बोलणं बंद. आजी, दोन शेरडं, एक ट्रंक आत घेतली आणि लागलो फिरायला. तिसऱ्या फेऱ्याला आजी म्हणाली, "अरे भाड्यांनो, एक म्हणा, दोन म्हणा, आणि मारा." असं वर्षाभराने पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी बोललो. "एक. दोन."

काहिल आता कुठाय? गुऱ्हाळातच. त्यात गूळ होतो.

नंतर आम्ही चौघांनी मिळून एक जुनी लाकडी घेतली, कृष्णेत शर्यतीला उतरवू म्हणून. दोन वर्षं शर्यतीत शेवटून दुसरे आलो. ती पाटीलवाड्याच्या मागं चिंचेखाली आहे, कोंबड्या अंडी घालतात.

तिसरी फायबरची, २०२० ला. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथं ४५ ला धोका धरतात. त्या आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. त्यातली एक बाई माझ्या ओळखीची होती, जास्त लिहीत नाही. आमच्या बोटीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलंय: माणसं ८. पुरात लोक पाया पडतात, शिव्या देतात, "एकच जण हो". नवव्याला चढू द्यायचं नाही हे काम मला दिलंय, कारण मी गावात आधीच कुणाला आवडत नाही.

वाचनमात्र
२० जून, रात्री ८:४४

"एक. दोन." _/\_

बेएरियातला_बाळू
२१ जून, सकाळी ६:१२ (इथे अजून वीस तारीख)

लिहू का नको करत होतो, कारण माझ्या बोटीवर कुणाचं पोट नाही. हौस आहे. तीही चाळिशीत लागलेली. जन्म पुण्याचा, सिंहगड रोडवरून खडकवासल्याकडे बघणे हा तेव्हाचा जलप्रवास.

२००९ ला नोकरी गेली होती आणि मी शहाण्या माणसासारखी बोट घेतली. कॅटलिना २२, १९८३ ची. अमेरिकेत ही बावीस फुटी शिडाची बोट म्हणजे आपल्याकडची जुनी स्कूटर समजा, पंधरा हजारांहून जास्त बनल्या. हिच्या पोटाखाली अडीचशे किलोच्या आसपास वजनाचं ओतीव लोखंडी पातं असतं, ते केबलने वरखाली करायचं. जोरात गेली की केबल पाण्यात थरथरते आणि सगळी बोट तंबोऱ्यासारखी घूं करते. बायको म्हणाली, हिला स्वर लागलाय, तुला कधी लागणार.

इथे उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यातली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत घुसते. दुपारी दोननंतर वीस-पंचवीस नॉट, रोज. सुकाणू, तुमच्या खाऱ्या वाऱ्याचाच मोठा भाऊ. पहिल्या महिन्यात मी एंजल आयलंडच्या पुढे शीड कमी करायचं विसरलो आणि बोट इतकी आडवी झाली की खिडकीतून हिरवं पाणी दिसलं. आईला फोनवर सांगितलं, वारा छान होता.

२०१५ ला कॅटलिना ३०. आत उभं राहता येतं, शेगडी, संडास. घेतली तेव्हा वाटलं बोट घेतली. नंतर कळलं एक तुंबणारा संडास घेतला, त्याला शीड फुकट. पण पोरांची वाढ तिच्यावर झाली. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा सुकाणू दिलं आणि मी गप्प बसायचं ठरवलं. चार मिनिटं बसलो.

पहिली एका कॉलेजच्या मुलाला विकली, सेक्रामेंटो नदीत असते. दुसरी बर्कलीच्या मरिनात, आत्ता खिडकीतून दिसत नाही पण चाळीस मिनिटांवर आहे. जागेचं भाडं मात्र खिडकीतून आत येऊन दिसतं.

एक विचारायचं होतं: इंजिनाच्या दांड्याला तुम्ही जस्त लावता का? आम्ही दर वर्षी बदलतो.

सुकाणू
२१ जून, सकाळी ८:३०

लावतो. पंख्याजवळ जस्ताचा तुकडा. खारं पाणी दुसऱ्या धातूआधी जस्त खातं. वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं, सुतार सांगायचा म्हणून लावत. ते त्याला 'नैवेद्य' म्हणायचे. समुद्राला काहीतरी खायला ठेवलं की तो पंखा सोडतो.

भाडं किती ते विचारत नाही, झोप लागणार नाही.

चिकट_बोंबील
२१ जून, सकाळी १०:११

थोडं तेल ओततो. फायबरवाल्यांनी कोकणातली होडी मारली. लाकडाच्या होडीला जीव असतो, फायबर म्हणजे पाण्याची टाकी.

मांडवीकाठी
२१ जून, सकाळी ११:०५

@चिकट_बोंबील, तुमच्या बोलण्यात भावना आहे, पण माहिती अर्धी आहे. आमच्या गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी 'म्हादेई' बांधली ती मध्ये लाकूड आणि दोन्ही बाजूंनी फायबर अशी. छप्पन्न फुटी. २००९ ला नौदलाला दिली. तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जग फिरून आले, मग अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. जीव त्या टाकीत होता का लाकडात, ते तुम्ही ठरवा.

माझ्या होड्या तीन, तिन्ही कॅनो. पहिली एकाच आंब्याच्या खोडातली, कोरून काढलेली. तिला ना सांधा ना फट, गळायचा प्रश्नच नाही, फक्त उन्हात ठेवली की तडकते. म्हणून उन्हाळ्यात पाणी भरून बुडवून ठेवायचो. पाहुणे हळहळायचे, होडी बुडाली म्हणून. ती एका रेस्टॉरंटवाल्याने नेली, तिच्यात आता बर्फ आणि बिअर असते. बाकीच्या दोन माझ्याकडेच.

सुकाणू
२१ जून, दुपारी १२:४०

मीही फायबरच्या बाजूनेच बोलतो, नाइलाजाने. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या परसातला माड माझ्या होडीवर आडवा झाला. उजवी बाजू हातभर फाटली. लाकडाची असती तर सुतार शोधा, साग शोधा, लॉकडाऊनमध्ये. फायबरला मी आणि पुतण्याने घरी ठिगळ लावलं. ग्राइंडरने कडा उतरत्या घासल्या, काचेची चटई कापून एकावर एक चार थर, प्रत्येक थराला रेझिन, त्यात हार्डनर. हार्डनर जास्त पडला की डब्यातच उकळी फुटून दगड होतो. पहिला डबा तसाच गेला. महिनाभर आमच्या अंगाला काचेची खाज. पण होडी ऑगस्टला पाण्यात होती.

आणि तरी, चिकट_बोंबील, हातोडी मारली की तिचा आवाज सगळीकडे सारखाच येतो.

मालवणी_खाजा
२४ जून, संध्याकाळी ६:५८

सुकाणू, सापडली. ठिगळासकट. वेंगुर्ल्याच्या त्या माणसाने पुढे देवगडला विकली, तिथे अजून चालते. रंग हिरवा, नाव बदललेलं. मालक म्हणतो डिझेल पिते पण वाऱ्यात शहाणी आहे. फोटो व्यनिने पाठवलाय. मी त्याला फयानचं सांगितलं. तो म्हणाला, आधी सांगितलं असतं तर दहा हजार जास्त दिले असते.

सुकाणू
२४ जून, रात्री ९:१५

फोटो पाहिला. घरच्यांनी पाहिला. बायको म्हणाली हिरवा रंग बरा दिसतो, आपण उगाच लाल देत होतो.

सुकाणू
२ जुलै, रात्री ८:०५

दुसरीच्या इंजिनाचा तपास लागला, म्हणून परत लिहितो. तिसरीचे सुटे भाग कुठे कुठे गेले ते आता समुद्रालाच माहीत, ती सोडून देऊ.

आईला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. वडील गेल्यापासून होड्यांचं विचारायला कुणी उरलं नाही असं मी धरूनच चाललो होतो. सातपाटीच्या ताईंचं वाचून विचारलं. आई पंच्याऐंशीची आहे. जाळ्याचं सूत गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "गिरणीवाल्याला दिलं. वरच्या वाडीत. तीन हजार सांगितले होते, अडीच दिले, पाचशे अजून यायचेत." मी म्हटलं मला कधी बोलली नाहीस. म्हणाली, तू कधी विचारलंस.

वर ती असंही म्हणाली, की ते इंजिन विकल्यावर चार-पाच वर्षं ती भात भरडायला मुद्दाम त्याच गिरणीत जायची. खालची गिरणी जवळ असताना. डोक्यावर पोतं घेऊन चढ चढायची. का, ते तिने सांगितलं नाही.

काल पाऊस उघडला म्हणून पुतण्याला घेऊन गेलो. गिरणी आहे. विजेवर चालते. गिरणीवाल्याचा मुलगा चालवतो, त्याला काही माहीत नव्हतं, पण त्याने मागच्या पडवीत नेलं. पोती, मोडका पंखा, सायकल, आणि त्याच्यामागे आमचं दोन सिलिंडर. गंजलंय, एका बाजूचं झाकण नाही, चाकावर कोंबडी बसलेली. हँडल तिथेच खुंटीला अडकवलेलं होतं. मी हँडल लावलं आणि अर्धा फेरा मारून पाहिला. फिरलं. आतून दाब लागला, हाताला कळतो तसा. पुतण्या म्हणाला, काका, मनगट.

पाचशे रुपयांचं मी काढलं नाही.

कृष्णाकाठ
२ जुलै, रात्री ८:३१

दाब धरतंय म्हणजे रिंगा शाबूत आहेत. ते विकणार असतील तर विचारा की, मला नदीवर पाणी उचलायला हवंय. कोंबडीसकट घेतो.

सुकाणू
२ जुलै, रात्री ८:५०

आईला विचारून सांगतो.